गोंगाटात अभ्यास : कान झाकणारा स्वस्त हेडफोन कसा निवडावा?

फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने आपल्याकडे मोठे कसोटीचे असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. ताडकळससारख्या बाजाराच्या गावात त्यात आणखी भर पडते. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याने जातात, गिरणीचा पट्टा फिरत असतो, गल्लीत वरातीचा डीजे थांबलेला असतो. घरात दोन खोल्या, वर पत्रे. एका खोलीत टीव्ही, दुसरीत पाहुणे. धाकटा भाऊ मोबाईलवर गेम खेळतो, दादी मोठ्याने फोनवर बोलते, आणि याच घरात एका मुलीला विज्ञानाचा धडा पाठ करायचा असतो किंवा मोठ्या मुलाला पोलीस भरतीची तयारी करायची असते.

अशा घरांतून अलीकडे आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन मिळतात म्हणे. ते घ्यावेत का? आणि आमच्या खिशाला परवडतील असे कोणते?’ प्रश्न साधा वाटतो, पण चुकीची वस्तू घेतली तर दोन-तीन हजार रुपये वाया जातात, शिवाय मुलाच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

काही ऐकायचे आहे, की काहीच ऐकायचे नाही?

दुकानात जाण्याआधी घरातच हे ठरवावे. मुलाला मोबाईलवरचे तास ऐकायचे आहेत, की नुसते पुस्तक वाचायचे आहे?

नुसते वाचायचे असेल तर हेडफोनची गरजच नाही. कारखान्यातले कामगार कानांवर जे जाड झाकण लावतात, ते घ्यावे. त्याला इअरमफ म्हणतात. त्याला बॅटरी नाही, वायर नाही, मोबाईलशी जोडणी नाही, त्यामुळे अभ्यासाच्या नावाखाली गाणी ऐकण्याचीही सोय नाही. करम, व्हीनस, थ्रीएम अशा कंपन्यांचे इअरमफ सुरक्षेचे सामान विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. साधा इअरमफ काहीशे रुपयांत येतो आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज अडवण्यात तो कित्येक महागड्या हेडफोनांना मागे टाकतो.

इअरमफच्या खोक्यावर ‘एनआरआर’ किंवा ‘एसएनआर’ असे लिहून पुढे एक आकडा असतो. तो किती डेसिबल आवाज कमी होतो ते सांगतो. ही मोजण्याच्या दोन वेगळ्या पद्धतींची नावे आहेत. एकाच वस्तूचा एसएनआर साधारणपणे एनआरआरपेक्षा मोठा दिसतो, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहू नये. एनआरआर २० ते २५ च्या पुढे असेल तर घरच्या वापराला पुष्कळ झाले. आकडा प्रयोगशाळेत मोजलेला असतो, प्रत्यक्षात फायदा थोडा कमीच मिळतो. खोक्यावर भारतीय मानक आयएस ९१६७ किंवा युरोपचे ईएन ३५२ यांचा उल्लेख आहे का, तेही पाहावे.

डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा सरळ चालत नाही. आवाज दहा डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, वीसने उतरला की चौथाई. वीस-पंचवीस डेसिबल अडवणारा इअरमफ शेजारच्या खोलीतल्या टीव्हीला जवळजवळ गप्प करतो. डीजेची धमधम मात्र तो पूर्ण थांबवू शकत नाही. ती भिंतीतून, खाटेतून आणि आपल्या हाडांतूनही पोहोचते.

इअरमफहून स्वस्त वस्तू म्हणजे कानात घालायचे फोमचे बोळे. चांगल्या कंपनीची जोडीही अगदी थोड्या पैशांत मिळते. पण ते नीट घालता आले पाहिजेत. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला हलका ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. हात स्वच्छ हवेत. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर बोळे अजिबात घालू नयेत. लहान मुलांना ते देऊ नयेत.

आवाज अडवण्याच्या दोन रीती

तास किंवा व्याख्याने ऐकायची असतील तर हेडफोन लागणारच. बाहेरचा आवाज हेडफोन दोन प्रकारे अडवतात.

पहिला प्रकार म्हणजे नुसते झाकण. कानाभोवती जाड गादी घट्ट बसते, वाटीची मागची बाजू बंद असते आणि आवाज आत येऊ शकत नाही. दार-खिडकी लावण्यासारखेच हे आहे. माणसांचे बोलणे, भांड्यांची आदळआपट, टीव्ही, शिट्टी असे चढे आवाज या रीतीने चांगले अडतात.

दुसरा प्रकार विजेवर चालतो. त्याला अ‍ॅक्टिव्ह नॉईज कॅन्सलेशन, थोडक्यात एएनसी म्हणतात. हेडफोनमधला बारीक माईक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतले यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते. दोन्ही लहरी एकमेकींना भिडल्या की आवाज मरतो. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. हेडफोनमध्ये ती आणण्याचे मोठे काम अमर बोस यांनी केले. त्यांचे वडील कलकत्त्याचे बंगाली क्रांतिकारक. इंग्रजांच्या त्रासामुळे ते अमेरिकेला गेले होते. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला परतताना विमानाच्या इंजिनाच्या आवाजात बोस यांना हेडफोनमधले काहीच नीट ऐकू येईना, तेव्हा विमानातच त्यांनी या उपायाचे गणित मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की एएनसीचा जन्म इंजिनाच्या घरघरीवर उपाय म्हणून झाला, आणि आजही तिचा जोर तिथेच आहे. एकसारखी, खालच्या पट्टीतली घरघर ती छान पुसते. कूलर, पंखा, जनरेटर, एसटीचे इंजिन, पूर्णा जंक्शनवरून सुटणाऱ्या रेल्वेचा डबा, इथे तिचा फायदा लगेच जाणवतो. माणसाचे बोलणे मात्र वरच्या पट्टीत आणि दर क्षणाला बदलणारे असते. त्याची उलटी लहर वेळेत तयार करणे यंत्राला जड जाते. साधारण एक हजार हर्ट्झच्या वर एएनसीचा प्रभाव फारसा उरत नाही, आणि शब्द समजण्यासाठी लागणारे बरेचसे ध्वनी एक ते चार हजार हर्ट्झमध्येच असतात.

कूलर बंद झाल्यासारखा वाटतो आणि चाचींचे बोलणे उलट अधिक स्पष्ट ऐकू येते, हा अनुभव एएनसी घेणाऱ्या बहुतेकांना येतो. वस्तू बिघडलेली नसते. तिचे कामच तेवढे असते. घरातली अडचण माणसांच्या बोलण्याची असेल, तर एएनसीवर पैसे घालण्यापेक्षा घट्ट बसणाऱ्या जाड गादीवर घालावेत.

खोक्यावरच्या शब्दांनी फसू नका

बाजारात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ या दोन शब्दांचा. एका अक्षराचा फरक, पण काम संपूर्ण वेगळे. ईएनसी आपण फोनवर बोलतो तेव्हाच उपयोगी पडते. आपल्या आजूबाजूचा गोंगाट समोरच्या माणसाला कमी ऐकू जावा म्हणून ती असते. आपल्या कानात येणारा आवाज तिने तसूभरही कमी होत नाही. ‘नॉईज कॅन्सलिंग माईक’ याचाही अर्थ तोच. विक्रेता ‘यात नॉईज कॅन्सलेशन आहे’ म्हणाला तर ‘ऐकणाऱ्यासाठी की बोलणाऱ्यासाठी?’ असे स्पष्ट विचारावे.

दुसरा गोंधळ आकाराचा. कान पूर्ण आत घेणाऱ्या वाटीला ‘ओव्हर-इअर’ म्हणतात, कानावर नुसती टेकणाऱ्या छोट्या वाटीला ‘ऑन-इअर’. चित्रात दोन्ही सारखे दिसतात आणि नावेही सारखी असतात. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० ऑन-इअर आहे व त्यात एएनसी नाही, तर डब्ल्यूएच-सीएच७२०एन ओव्हर-इअर आहे व त्यात एएनसी आहे. बोट कंपनीचा रॉकर्झ ४५० ऑन-इअर आहे आणि रॉकर्झ ५५० ओव्हर-इअर. बाहेरचा आवाज अडवायचा असेल तर ऑन-इअर घेऊच नये. कानाच्या पाळीभोवती फट राहते, आणि अर्ध्या तासात कान दुखतो तो वेगळा.

तिसरी बाब ‘३५ डेसिबलपर्यंत’ अशा दाव्यांची. यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या ठरावीक पट्टीत जास्तीत जास्त जेवढा आवाज कमी झाला, तो आकडा कंपनी छापते. सगळे आवाज ३५ डेसिबलने उतरतील असा त्याचा अर्थ नाही. ‘एक्स्ट्रा बास’ आणि ‘५० एमएम ड्रायव्हर’ हे शब्द गाण्यांसाठी आहेत, अभ्यासाशी त्यांचा संबंध नाही. काही हेडफोनांच्या वाट्यांना मागून जाळी असते. त्यांना ‘ओपन-बॅक’ म्हणतात. त्यांतून आवाज दोन्ही बाजूंनी आरपार जातो, म्हणून ते आपल्या उपयोगाचे नाहीत. ‘क्लोज्ड-बॅक’च पाहावा.

दुकानात पारख कशी करावी?

शक्य असेल तर ज्याला हेडफोन वापरायचा आहे, त्याच्याच डोक्यावर चढवून पाहावा. परभणी-नांदेडच्या मोठ्या दुकानांत नमुने ठेवलेले असतात. पारख अशी करावी :

१. काहीही न लावता नुसता हेडफोन घालावा. दुकानदाराशी बोलत राहायला सोबतच्या माणसाला सांगावे. बोलणे किती कमी झाले, यावरून झाकण कळते.

२. गादीखाली एक बोट सरकवून फट करावी आणि काढावे. दोन्हींत मोठा फरक जाणवला तर गादी नीट बसली आहे. फरक जाणवला नाही तर ती मुळातच घट्ट नाही.

३. मान खाली घालून पाहावे. अभ्यास मान खाली घालूनच होतो. हेडफोन घसरत असेल तर उपयोग नाही.

४. दहा मिनिटे घालून ठेवावा. पकड सैल असेल तर आवाज आत येतो, फार घट्ट असेल तर डोके ठणकते. कानाची पाळी आतल्या बाजूला टेकता कामा नये.

५. एएनसीचा असेल तर पंख्याखाली उभे राहून तो चालू-बंद करून पाहावा. घरघर स्पष्ट कमी झाली पाहिजे. काहींना एएनसी चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखे वाटते, तेही इथेच कळते.

६. गादी बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे विचारावे. सगळ्यात आधी खराब होते ती गादीच. ती फाटली की आवाज अडणे संपले, मग बाकीचा हेडफोन कितीही चांगला असो.

ओढणी, चष्मा, टोपी आणि परभणीचा उन्हाळा

आपल्या घरांतल्या काही गरजा वेगळ्या असतात.

मुली स्कार्फ किंवा ओढणी कानांवरून घेतात आणि वरून हेडफोन लावतात. त्यामुळे गादी व त्वचेच्या मध्ये कापडाच्या चुण्या येतात, फट राहते आणि अर्धा फायदा जातो. घरात, जिथे पडद्याचा प्रश्न नाही, तिथे केस मागे घेऊन हेडफोन थेट कानांवर लावावा. अभ्यासिकेत किंवा प्रवासात आधी हेडफोन आणि त्यावरून सैल ओढणी घ्यावी. त्यासाठी वाट्या फार फुगीर नसलेला नमुना निवडावा. एएनसीचे माईक वाटीच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यांवर कापड घासले की कानात खसखस ऐकू येते, म्हणून ओढणीखाली साधा बंद हेडफोनच बरा. नुसती शांतता हवी असेल तर स्कार्फच्या आत फोमचे बोळे ही सर्वांत सोपी सोय.

चष्म्याची जाड काडी गादी उचलून धरते. चष्मा लागणाऱ्या मुलासाठी मऊ व जाड गादी हवी, शक्य असल्यास बारीक काडीची चौकट. जाळीच्या पातळ टोपीने अडचण होत नाही. कडक काठाची टोपी मात्र पट्ट्याखाली टोचते, ती थोडी मागे सारावी.

आणि आपला उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो. रेक्झिनसारखी गुळगुळीत गादी आवाज चांगला अडवते, पण तिच्याखाली कान घामाने भिजतात आणि वर्ष-दीड वर्षात तिचे पापुद्रे सुटू लागतात. कापडी गादीला हवा लागते, पण ती आवाज थोडा अधिक आत सोडते. रेक्झिनचीच घ्यावी आणि दर पाऊण तासाने पाच-दहा मिनिटे काढून ठेवावी, हा आमचा सल्ला. वापरानंतर गादी कोरड्या सुती फडक्याने पुसावी आणि हेडफोन उन्हात किंवा पत्र्याजवळ ठेवू नये. एकच हेडफोन भावंडे आलटून-पालटून वापरत असतील तर गादी रोज पुसावीच. एखाद्याचा कान वाहत असेल तर त्याने तो वापरू नये.

वायरचा की ब्लूटूथचा? आणि खर्च किती?

घरी बसून अभ्यास करायचा असेल तर वायरचा हेडफोन अधिक फायद्याचा. त्याला चार्जिंग लागत नाही, भारनियमनाची चिंता नाही, त्यात बॅटरी नसल्यामुळे ती निकामी होण्याचा प्रश्न नाही, आणि तेवढ्याच पैशांत गादी व बांधणी चांगली मिळते. आपल्या मोबाईलला गोल पिनचे छिद्र आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड घ्यावा लागेल. वायर हेडफोनपासून सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण वायर तुटली तर तेवढीच बदलता येते.

ब्लूटूथचा हेडफोन प्रवासात सोयीचा. परभणी किंवा नांदेडला रोज एसटीने-रेल्वेने जाणाऱ्या मुलांना एएनसीचाही खरा उपयोग होतो. ब्लूटूथचा घेताना वायर लावूनही चालतो का, हे विचारावे. बॅटरी संपली तरी तो मग उपयोगी राहतो.

भाव सतत बदलतात, तरी अंदाज असा. काहीशे रुपयांत इअरमफ. सातशे-आठशे ते दोन हजारांत वायरचा, बंद वाटीचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. बाराशे ते दोन हजारांत ब्लूटूथचा, एएनसी नसलेला. दोन ते चार हजारांत नव्या कंपन्यांचा एएनसीवाला. त्याच्या पुढच्या किमती आपल्या मर्यादेबाहेरच्या. हजार रुपयांत ‘एएनसी’ देऊ करणाऱ्या अनोळखी नावांपासून दूर राहिलेले बरे. त्या पैशांत साधा पण दमदार गादीचा हेडफोन मिळतो आणि तोच जास्त आवाज अडवतो.

आणखी एक काटकसरीचा उपाय. घरात वायरचे साधे इअरफोन असतातच. ते कानात घालून वरून इअरमफ चढवावा. वायरीमुळे किंचित फट राहते, तरी काहीशे रुपयांत तास ऐकण्याची आणि गोंगाट अडवण्याची दोन्ही कामे होतात. लहान आवाजातही शिक्षकांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते.

बिल आणि खूण

परभणीच्या उरुसात किंवा रस्त्यावरच्या गाड्यावर मोठ्या कंपन्यांच्या नावाचे हेडफोन दोनशे-तीनशेला मिळतात. ते नकली असतात हे सांगायला नकोच. ब्लूटूथच्या हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ब्युरोची खूण आणि ‘आर’ या अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर तो टाकून खरे-खोटे तपासता येते. पक्के बिल घ्यावे, वॉरंटीची मुदत त्यावर लिहून घ्यावी आणि जवळचे सेवा केंद्र कोणत्या गावात आहे ते विचारून ठेवावे. ऑनलाइन घेताना ‘वस्तू परत’ आणि ‘फक्त बदलून’ यांतला फरक वाचावा. हेडफोन डोक्याला बसला नाही तर बदलून तोच पुन्हा येण्यात काय अर्थ? फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कान ही अमानत आहे

आता सर्वांत महत्त्वाचे. बाहेरचा गोंगाट दाबण्यासाठी मुले काय करतात? मोबाईलचा आवाज वाढवतात. बाहेर डीजे, आत त्याहून मोठा आवाज, मग कानाला विसावा कुठला? चांगल्या झाकणाचा खरा फायदा इथे आहे. बाहेरचा आवाज आत येत नसेल तर आतला आवाज लहान ठेवूनही सगळे ऐकू येते. हेडफोन घेऊनही आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवावा लागत असेल, तर निवड फसली असे समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलच्या आत हवा, आणि मुलांसाठी ७५ च्या आत. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. कामाच्या जागेसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा : ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पाव तास. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्या बुजुर्गांना मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या नात्यातच पाहिले असेल. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

घरात साधा नियम ठेवावा. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या पुढे न्यायचा नाही. हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोललेले मुलाला अजिबात कळत नसेल आणि त्याच्या हेडफोनमधले शब्द आपल्याला ऐकू येत असतील, तर आवाज फार मोठा आहे. कानात शिट्टी वाजत राहणे, शब्द अर्धवट ऐकू येणे, टीव्हीचा आवाज वाढवायला सांगणे, ही लक्षणे दिसली तर हेडफोन बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. श्रवणदोषांवर काम करणारी देशातली मोठी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल, हैदराबादचे अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे.

श्रवण, दृष्टी आणि हृदय यांच्याबद्दल माणसाला जाब विचारला जाईल, अशी ताकीद पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. कान काय ऐकतात याबरोबरच ते आपण कसे सांभाळतो, हाही त्या जबाबदारीचाच भाग आम्हाला वाटतो.

इथेच आणखी एक गोष्ट. काही मुले गोंगाट झाकण्यासाठी हेडफोनवर कुरआनची तिलावत लावतात आणि गणिते सोडवत बसतात. हेतू चांगला असतो. परंतु तिलावत सुरू असताना शांत राहून लक्षपूर्वक ऐकावे, अशी शिकवण सूरह आराफमध्ये आहे. गोंगाट झाकायचाच असेल तर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज अगदी लहान करून लावावा, आणि तिलावतीसाठी वेगळा वेळ काढावा.

घराने काय करावे?

हेडफोनमुळे घरात एक नवी कुरबुर सुरू होते. अम्मी हाक मारते, मुलगा ऐकत नाही, आणि ‘आता हा आम्हाला जुमानतही नाही’ असा समज होतो. त्यासाठी आधीच ठरवून घ्यावे. अभ्यासाची वेळ निश्चित असावी, बोलवायचे असेल तर खांद्याला हात लावावा किंवा दिवा उघडझाप करावा. नमाजच्या वेळेचा गजर मोबाईलच्या कंपनावर ठेवावा. घरात एकटे असताना, तान्हे बाळ सांभाळताना किंवा गॅसवर काही ठेवलेले असताना दोन्ही कान बंद करू नयेत. रस्त्याने चालताना, सायकल-मोटारसायकलवर आणि रेल्वे रूळ ओलांडताना तर मुळीच नाही. परीक्षा हॉलमध्ये हेडफोन नसतो, म्हणून रोजचा थोडा अभ्यास उघड्या कानांनीही करण्याची सवय ठेवावी.

मुलांच्या कानांवर झाकण चढवण्याआधी आपल्या घरातला आवाज आपण किती कमी करू शकतो, हेही पाहिले पाहिजे. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला दिलेल्या नसीहतीत आवाज खाली ठेवण्याचा उपदेश आहे. आणि अबू दाऊदमधील हदीस तर या विषयाला थेट लागू होते. मस्जिदीत एतिकाफला बसलेले असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना मोठ्याने पठण करताना ऐकले, तेव्हा एकाने दुसऱ्याला आपल्या आवाजाने त्रास देऊ नये, असे त्यांनी समजावले. पठणाच्या आवाजानेही शेजाऱ्याला त्रास नको, तर टीव्हीच्या आणि वरातीच्या आवाजाची काय कथा!

कायदाही हेच सांगतो. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. ताडकळसला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे आणि ११२ क्रमांकावरही तक्रार करता येते. पण तक्रारीआधी आपल्या लग्नाचा डीजे, आपल्या जलशाचा कर्णा याच मर्यादेत आहे का, हे आपणच पाहावे. परीक्षेच्या महिन्यांत निकाह दिवसा, साधेपणाने आणि डीजेविना झाला, तर गल्लीतल्या सगळ्याच मुलांवर उपकार होतील.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराला हेडफोन घेणे जमेलच असे नाही. गावातल्या मकतबमध्ये किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत संध्याकाळी दोन-तीन तासांची अभ्यासिका सुरू करता येते. तिथे दहा इअरमफ ठेवायचे तर एका मध्यम लग्नाच्या डीजेइतकाही खर्च येत नाही. बचत गटाने, मस्जिद कमिटीने किंवा परदेशात नोकरीला असलेल्या एखाद्या कुटुंबाने सदका म्हणून ते घेऊन द्यावेत. मुलांनी क्रमांक टाकून ते वापरावेत आणि जाताना पुसून ठेवावेत. परीक्षेला अजून अवधी आहे तोवर हे काम हाती घेतले, तर इन्शाअल्लाह येत्या फेब्रुवारीत ती खोली उपयोगी पडेल.